उदरार्बुद शस्त्रक्रिया व महानीला

उदरार्बुद शस्त्रक्रिया व महानीला : पोटातील अर्बुद (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे निर्माण होणारी गाठ) शस्त्रक्रियेने काढताना तेथील मोठ्या नीला (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या) सुरक्षित राखणे, तात्पुरत्या बंद करणे, बांधणे, शिवणे अथवा त्यांचा रोगग्रस्त भाग कापून त्या पुन्हा जोडणे यासंबंधीच्या शल्यतंत्राच्या विकासाची माहिती प्रस्तुत नोंदीत दिली आहे. अर्बुद काढता येईल किंवा नाही हे पुष्कळदा त्याच्या आकारापेक्षा ते कोणत्या नीलेला व किती चिकटले आहे यावर अवलंबून असते. आकाराने प्रचंड पण देठ असलेली गाठ अल्प साधनांनिशी काढता येते. उलट लिंबाएवढी गाठ महानीलेला चिकटलेली असल्यास सुसज्ज रुग्णालयातही ती काढणे अवघड ठरते. मोठ्या शहरातील रुग्णालय व गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारखा अरण्यप्रदेश यांतील शस्त्रक्रियेच्या मर्यादा भिन्न का असतात, याचा उलगडाही या नीलांच्या इतिहासातून होतो.

शारीर व कार्य : पाय व ओटीपोट यांतील रक्त घेऊन अधोमहानीला पाठीच्या मणक्यांच्या उजव्या बाजूने वर चढते. वाटेत तिला कंबरेतील नीला, दोन्ही वृक्कनीला (मूत्रपिंडांतून येणाऱ्या नीला) आणि यकृतामागे यकृतनीला मिळतात. पुढे ती मध्यपटल भेदून हृदयाच्या उजव्या अलिंदात उघडते. विश्रांतीच्या स्थितीत हृदयाकडे परतणाऱ्या रक्तापैकी सु. दोनतृतीयांश रक्त या एका मार्गाने जाते. दुसरी महत्त्वाची वाहिनी म्हणजे प्रवेशिका नीला. आतड्यांतून येणारी ऊर्ध्व आंत्रबंध नीला आणि प्लीहेतून (पाणथरीतून) येणारी प्लीहानीला यांच्या संगमाने ती अग्निपिंडाच्या (स्वादुपिंडाच्या) मानेमागे तयार होते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सु. तीनचतुर्थांश रक्त ती पुरविते.

रोहिणीची भित्ती जाड व स्नायुयुक्त असते. ती कापली गेली की रक्ताची चिळकांडी उडते, पण तिचे तोंड दिसते आणि चिमट्यात धरता येते. नीलेची भित्ती पातळ असते. महारोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सु. ९० ते १०० मिमी. असतो, तर अधोमहानीलेतील दाब जेमतेम ५ मिमी.च्या आसपास असतो. यामुळे नीलेतील रक्त उसळत नाही. ते तळ्यासारखे भरून येते व जखम त्याखाली दिसेनाशी होते. अशा वेळी न पाहता लावलेला चिमटा लहान चीर मोठी करतो. शिवाय दाब कमी असल्याने उघड्या नीलेतून हवा आत ओढली जाऊन हृदयात व फुप्फुसात अडकण्याचा (वायु-अंतर्कीलनाचा) धोका असतो. मात्र याच कमी दाबामुळे नीलेतील रक्तस्राव बोटाने किंवा कापडाच्या घडीने हलके दाबून थांबविता येतो. या विषयातील पुढील सर्व प्रगतीच्या मुळाशी ही साधी वस्तुस्थिती आहे.

प्राचीन व आरंभीचा काळ : सुश्रुतसंहितेत रक्तस्राव थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. सिरांच्या वर्णनात ९८ सिरा अवेध्य, म्हणजे शस्त्राने कधीही वेधू नयेत अशा, मानल्या आहेत. कोणत्या वाहिनीला हात लावावयाचा नाही याचे ज्ञान हा शल्यविद्येचाच भाग होय, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

उदरार्बुद काढण्याची नोंद असलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया कोणत्याही मोठ्या नगरात झाली नाही. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील डॅनव्हिल या तत्कालीन सीमेवरील वसाहतीत इफ्रेम मॅक्‌डॉवेल (१७७१–१८३०) यांनी २५ डिसेंबर १८०९ रोजी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयाचे सु. १० किग्रॅ. वजनाचे अर्बुद काढले. ती सु. १०० किमी. घोड्यावरून आली होती. शुद्धिहारके तेव्हा माहीत नव्हती. शस्त्रक्रिया सु. २५ मिनिटांत पूर्ण झाली आणि रुग्ण त्यानंतर ३२ वर्षे जगली. मॅक्‌डॉवेल यांच्या कौशल्याइतकेच या यशाला शारीराचेही साहाय्य होते. अंडाशयाच्या अर्बुदाला बहुधा देठ असतो व त्याच्या सर्व मुख्य वाहिन्या त्या देठातूनच जातात. देठ एकदा घट्ट बांधला की गाठीचा रक्तपुरवठा तुटतो. महानीलेजवळ जावे लागत नाही.

ईथर शुद्धिहारकाचा वापर (१८४६) व जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांची पूतिरोधक पद्धती (१८६७) यांमुळे उदर उघडणे पुष्कळ सुरक्षित झाले. हायड्‌लबर्ग येथे गुस्टाफ झिमोन यांनी १८६९ मध्ये योजनापूर्वक वृक्क काढले. व्हिएन्ना येथे टेओडोर बिलरोट (१८२९–९४) यांनी १८८१ मध्ये कर्करोगग्रस्त जठराचा भाग यशस्वीपणे काढला. शस्त्रवैद्य अशा रीतीने उदराच्या पाठीमागील भागाकडे सरकू लागले आणि तेथे त्यांची गाठ महानीलांशी पडली.

नीलाबंधन व नीलासीवन : महानीला फाटल्यास ती बांधून टाकणे हाच प्रथम एकमेव उपाय होता. अधोमहानीला बांधण्याचे प्रयोग टेओडोर कोखर (१८४१–१९१७) यांनी १८८३ मध्ये व बिलरोट यांनी १८८५ मध्ये केले, परंतु त्यांचे रुग्ण दगावले. एन्रीको बोत्तीनी यांचा १८९३ मधील रुग्ण वाचला. पुढील अनुभवाने असे दिसून आले की, वृक्कनीलांच्या खाली अधोमहानीला बांधली तर पाय सुजतात, परंतु पाठीतील व उदरभित्तीतील पर्यायी नीला हळूहळू रुंदावून बहुतेक रुग्ण तग धरतात. वृक्कनीलांच्या वर ती अचानक बांधल्यास मात्र वृक्कांचे कार्य बंद पडण्याचा धोका असतो. डाव्या वृक्कनीलेला अधिवृक्क ग्रंथी, जननग्रंथी व कंबर यांतील नीला मिळत असल्याने ती महानीलेजवळ बांधली तरी डावे वृक्क सामान्यतः टिकते. उजव्या वृक्कनीलेला अशी पर्यायी वाट नसते. कोणती नीला बांधता येते व कोणती नाही याचे हे कोष्टक अनेक रुग्णांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले आहे.

नीला न बांधता तिची चीर शिवण्याचे तंत्र माक्स शेडे (१८४४–१९०२) यांनी १८८० नंतरच्या दशकात रूढ केले. वाहिन्या टोकास टोक जोडण्याची पद्धत मात्र एका राजकीय हत्येच्या आठवणीशी निगडित आहे. फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना १८९४ मध्ये लीआँ येथे भोसकण्यात आले व प्रवेशिका नीला कापली गेल्याने त्यांचा मृत्यू झाला. ती शिवण्याचे तंत्र त्या वेळी कोणापाशी नव्हते. त्याच शहरातील तरुण वैद्य ॲलेक्सिस कॅरेल (१८७३–१९४४) यांनी वाहिनीच्या कडेला तीन ठिकाणी टाके घेऊन तिचे गोल तोंड त्रिकोणी ताणायचे व मग बारीक सुई-दोऱ्याने शिवायचे, अशी पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नीलेचा रोगग्रस्त भाग कापून तेथे दुसरी नीला वा कृत्रिम नळी बसविण्याच्या आजच्या सर्व शस्त्रक्रिया या पद्धतीवर आधारलेल्या आहेत.

वृक्कार्बुदे व नीलेतील क्लथ : काही अर्बुदे नीलेला बाहेरून चिकटत नाहीत, तर तिच्या आत वाढतात. वृक्काच्या कर्करोगात अर्बुदाची जीभ वृक्कनीलेतून अधोमहानीलेत शिरते, असे सु. ४ ते १० टक्के रुग्णांत आढळते. क्वचित ती हृदयाच्या अलिंदापर्यंत पोहोचते. लहान मुलांतील विल्म्स अर्बुदातही हा प्रकार दिसतो. महानीला उघडून आतील अर्बुदक्लथ काढण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कचे ए. ए. बर्ग यांनी १९१३ मध्ये वर्णिली. या शस्त्रक्रियेत वृक्क हलविण्यापूर्वी क्लथाच्या वर व खाली महानीला फितीने आवळावी लागते. नाहीतर क्लथाचा तुकडा सुटून फुप्फुसात जातो व मेजावरच मृत्यू ओढवतो. टोराँटोचे रॉब्सन यांनी १९६३ मध्ये वृक्काच्या वाहिन्या आधी बांधून मग आवरणासह वृक्क काढण्याचा क्रम प्रस्थापित केला. क्लथ किती उंच गेला आहे यावरून त्याचे चार स्तर पाडणारे नेव्हेस व झिंके यांचे वर्गीकरण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत वरच्या स्तरातील क्लथासाठी हृदय-फुप्फुस यंत्राचे साहाय्य घ्यावे लागते. महानीलेच्या भित्तीतच उद्‌भवणारे मारक अर्बुद (मांसार्बुद) दुर्मिळ असून त्याचे वर्णन प्रथम १८७१ मध्ये झाले.

प्रवेशिका नीला, अग्निपिंड व यकृत : ग्लासगोचे जेम्स हॉगार्थ प्रिंगल (१८६३–१९४१) यांनी १९०८ मध्ये एक सोपी युक्ती सांगितली. प्रवेशिका नीला व यकृत रोहिणी ज्या पडद्याच्या कडेतून यकृताकडे जातात ती कड बोटांच्या चिमटीत धरली की यकृतातील रक्तस्राव बराचसा थांबतो. आजही यकृतार्बुद काढताना ही पद्धत वापरतात. साधारणतः १५ मिनिटे पकड व ५ मिनिटे सूट असा क्रम ठेवतात. तिने यकृतनीलांतून उलट येणारा रक्तस्राव मात्र थांबत नाही. त्यासाठी यकृताच्या वर व खाली अधोमहानीलाही बंद करण्याची पद्धत १९६६ मध्ये पुढे आली. १९९० नंतरच्या दशकात याहून सुटसुटीत उपाय रूढ झाला. शुद्धिहरणतज्ज्ञाने शिरेतून दिले जाणारे द्रव हात राखून देऊन महानीलेतील दाब कमी ठेवला, तर यकृत कापताना होणारा रक्तस्राव पुष्कळ घटतो. येथे नीलेचे रक्षण शस्त्रवैद्याइतकेच शुद्धिहरणतज्ज्ञाच्या हाती असते.

अग्निपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग प्रवेशिका नीलेला लगेच चिकटतो. ॲलन व्हिपल (१८८१–१९६३) यांनी १९३५ मध्ये या भागाच्या उच्छेदनाची पद्धत मांडली, तरी नीलेला चिकटलेले अर्बुद दीर्घकाळ असाध्य समजले जाई. १९५१ मध्ये अमेरिकेत ऊर्ध्व आंत्रबंध नीलेचा भाग अर्बुदासह काढण्यात आला. १९७३ मध्ये फोर्टनर यांनी याहून विस्तृत शस्त्रक्रिया वर्णिली. आज नीलेचा परिघ किती अंशांत वेढला गेला आहे हे सीटी स्कॅनवर पाहून रुग्णाला आधी औषधोपचार द्यावेत की सरळ शस्त्रक्रिया करावी, हे ठरवितात.

आधारभूत साधने : वरील इतिहासात टाक्यांइतकेच टाक्यांबाहेरील गोष्टींना महत्त्व आहे. कार्ल लँडस्टायनर (१८६८–१९४३) यांनी १९०१ मध्ये रक्तगट शोधले नसते, तर कॅरेल यांची पद्धत उदरातील महानीलांपर्यंत पोहोचलीच नसती. साठविलेले रक्त, रक्तक्लथनरोधक हेपारीन, सोनोग्राफी व १९७१ मध्ये रुग्णावर प्रथम वापरलेला सीटी स्कॅन यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच नीलेची स्थिती कळू लागली. उदर उघडल्यावर नीला आकस्मिक फाटली व रक्त गोठेनासे झाले, तर कापडाच्या घड्या दाबून भरणे, उदर तात्पुरते बंद करणे, रुग्णाला सावरणे आणि १ ते ३ दिवसांनी शस्त्रक्रिया पूर्ण करणे हा मार्ग अमेरिकन शस्त्रवैद्य हार्लन स्टोन यांनी १९८३ मध्ये पुरस्कारिला. अर्धवट थांबणे हा पराभव मानण्याची जुनी वृत्ती त्यामुळे बदलली. [→ रक्ताधान, शुद्धिहरण].

महाराष्ट्र : मुंबई येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर कर्करोगाच्या शल्यचिकित्सेला राज्यात स्वतंत्र स्थान मिळाले. मूळचे गोमंतकीय असलेले अर्नेस्ट बोर्जेस (१९०९–६९) हे तेथील नामवंत शस्त्रवैद्य होत. विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७), सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) व नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय यांमुळे पूर्वेकडील जिल्ह्यांतील रुग्णांना मुंबईपेक्षा जवळची सोय झाली. मात्र ‘जवळ’ हा शब्द येथे सापेक्ष आहे.

भामरागड : इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरील भामरागड व त्यालगतचे हेमलकसा नागपूरपासून सु. ३५० किमी. आहेत. हा प्रदेश २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होता; त्यानंतर तो नव्या गडचिरोली जिल्ह्यात आला. वस्ती मुख्यत्वे माडिया गोंडांची आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडील वाट तुटते. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून तेथे आले, डॉ. मंदाकिनी आमटे यांचे प्रशिक्षण शुद्धिहरणशास्त्रात झाले होते. आरंभी तेथे वीज व क्ष-किरण यंत्र नव्हते. पुढे रुग्णालय उभे राहिले, बाहेरील शस्त्रवैद्यांच्या साहाय्याने शस्त्रक्रिया शिबिरे होऊ लागली आणि शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येऊ लागले. आमटे दांपत्याला २००८ चा रॅमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

शस्त्रवैद्य व शुद्धिहरणतज्ज्ञ एकत्र असणे ही अरण्यप्रदेशात दुर्मिळ गोष्ट होय. तेवढ्यानेही अंडाशयाच्या देठयुक्त गाठीसारख्या शस्त्रक्रिया आवाक्यात येतात. मॅक्‌डॉवेल यांच्यापाशी तर तेवढेही नव्हते. परंतु महानीलेच्या शस्त्रक्रियेला रक्तपेढी लागते. भारतात १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचे रक्त घेण्यास बंदी आली व रक्ताच्या तपासणीचे नियम कडक झाले. रक्ताधान त्यामुळे सुरक्षित झाले. त्याबरोबर दुर्गम भागात आयत्या वेळी नातेवाइकाचे रक्त काढून देण्याची जुनी वाटही बंद झाली. २००१ पासून लहान रुग्णालयांत रक्तसाठा केंद्रांना मुभा मिळाली, पण अशा केंद्रातील मोजक्या पिशव्या फाटलेल्या महानीलेला पुरत नाहीत.

या प्रदेशात निदानाच्या दोन विशेष अडचणी आहेत. गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे प्रमाण राज्यात सर्वाधिक आहे. वारंवार होणाऱ्या हिवतापाने प्लीहा नाभीपर्यंत वाढू शकते व ती अर्बुद भासते. अशा प्लीहेला सुई टोचणे वा घाईने शस्त्र लावणे घातक असते, कारण तिच्या नीला रुंदावलेल्या व ठिसूळ असतात. दुसरी अडचण सिकलसेल (दात्रकोशिका) विकाराची होय. मध्य भारतातील या विकाराची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये केली. गोंड-माडिया समाजात तो बराच आढळतो. नीला आवळून रक्त तुंबले, प्राणवायू घटला किंवा शरीर थंड पडले की तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होऊन वाहिन्या तुंबतात. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेआधी या विकाराची चाचणी आवश्यक ठरते.

निदानाचे काही काम मात्र डोळे व हात यांनीच होऊ शकते. ओटीपोटातून वर आलेली व बाजूंना सहज हलणारी गाठ बहुधा देठाची असते. पाठीला खिळलेली, श्वासाबरोबर न हलणारी गाठ पर्युदरामागील असण्याचा संभव असतो. दोन्ही पाय सुजलेले असणे आणि पोटावरील नीला फुगून नाभीखालीही त्यांतील रक्त वरच्या दिशेने वाहणे, ही अधोमहानीला कोंडल्याची खूण होय. दोन बोटांनी नीला दाबून रिकामी करावी व एकेक बोट उचलून ती कोणत्या बाजूने भरते ते पाहावे. प्रवेशिका नीला कोंडली असल्यास नाभीखालील प्रवाह खाली वाहतो. प्रौढ पुरुषाच्या वृषणाच्या डाव्या बाजूस नीलांचा गुंता अचानक निर्माण झाला आणि निजल्यावरही तो ओसरला नाही, तर डाव्या वृक्कनीलेत अर्बुद शिरल्याची शंका घ्यावी. अशा रुग्णाचे उदर जंगलात उघडू नये. त्याला पूर येण्याआधी नागपूरकडे रवाना करावे. उदर उघडल्यावरच महानीलेचा संबंध ध्यानात आला, तर गाठ सोडविण्याचा आग्रह न धरता घड्या दाबून उदर बंद करणे व रुग्णाला पुढे पाठविणे योग्य होय.

मूल्यमापन : गेल्या दोन शतकांत शल्यविद्येने एकेक अवेध्य नीला वेध्य केली. परंतु हे परिवर्तन रक्तपेढी, शुद्धिहरण व प्रतिमादर्शन जेथे पोहोचले तेथपुरतेच खरे आहे. मुंबईत जी गाठ काढण्याजोगी तीच भामरागडात अस्पर्श्य ठरते, आणि हा भेद त्या दोन ठिकाणच्या शस्त्रवैद्यांच्या हातांतला नसतो. रस्ता, पूल, रक्ताची पिशवी व वेळेवर झालेले निदान ही तेथील रुग्णाच्या दृष्टीने शल्यतंत्राचीच अंगे होत. ती पूर्ण होईपर्यंत कोणत्या नीलेला हात लावू नये हे जाणणारा वैद्य रुग्णाचा प्राण राखतो.